नवमीचं पान

लग्न होऊन शिरूरला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझ्यासमोर एक डबी उघडली. सोनार अंगठी देतो तसली, आत गुलाबी कापूस. कापसावर नखाएवढा चांदीचा टाक होता. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले देवाचे टाक आमच्याकडे प्रत्येक देव्हाऱ्यात असतात. पण या टाकावर देव नव्हता. हात जोडलेली एक बाई होती. वरच्या कडीत काळा दोरा ओवलेला होता.

"गळ्यात घाल," सासूबाई म्हणाल्या. "नवी साडी नेसशील तवा आधी तिला दाखवायची, मंग नेसायची. येवढंच हाय, बाकी काय न्हाई."

ती म्हणजे माझ्या नवऱ्याची पहिली बायको. दोन वर्षांपूर्वी किडनीच्या आजारानं गेली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं सवतीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे गेलेलीचा जीव शांत राहतो आणि नवीचा संसार चालतो, ही रीत मी ऐकून होते. ऐकणं वेगळं आणि दोरा आपल्या मानेशी येणं वेगळं. मी पस्तिशी गाठलेली, रांजणगावच्या एका कंपनीत डिस्पॅचला, दिवसभर ट्रक ड्रायव्हरांशी हिंदीत भांडून माल रवाना करणारी बाई. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"मी कुणाच्या जागी आलेय ते मला माहीत आहे," मी म्हणाले. "गळ्यात पाटी कशाला हवी त्याची?"

 सासूबाईंनी डबी मिटून देव्हाऱ्यात ठेवली. तेव्हा माझं लक्ष दाराकडे गेलं. तिथं नवऱ्याची मुलगी उभी होती, सहावीतली, हातात कंगवा, वेणी अर्धी घातलेली. तिनं सगळं ऐकलं होतं. मी हसायचा प्रयत्न केला. ती वळून आत गेली आणि तशाच अर्ध्या वेणीनं शाळेत गेली.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायची, पण मला कशानंही हाक मारायची नाही. आई तर नाहीच, काकी नाही, अहो नाही. "दूध संपलंय." "शाळेत पालकांना बोलावलंय." "गॅसवर काहीतरी आहे." सगळी वाक्यं हवेत सोडलेली, ज्याला लागू असतील त्यानं उचलावीत. मी उचलायचे. तिच्या आईबद्दल तर घरात कुणीच बोलायचं नाही. फोटोसुद्धा माझ्या नवऱ्यानं कपाटावर ठेवला होता, भिंतीकडे तोंड करून. तिच्या माहेरच्यांशी येणंजाणं बंद होतं. पुण्याला न्यायला उशीर केला, आमची पोर तुम्ही मारली, असं ते लोक म्हणाले होते, आणि त्यानंतर यांनी ते दारच लावून घेतलं होतं.

नवरा शिफ्टवरून आला की विचारायचा, "कसं चाललंय?" मी म्हणायचे, "चाललंय." खरं तर मला भीती वाटत होती. माझं पहिलं लग्न वर्षभरही टिकलं नव्हतं. हेही घर हातातून गेलं असतं तर मला कुठं जायला तोंड उरलं नसतं. आणि ते टिकणार की नाही हे त्या अकरा वर्षांच्या पोरीच्या हातात आहे, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ती मोठी होईल, हळूहळू आईला विसरेल, मग मला आई म्हणेल, अशी आशा मी मनात धरून होते. दुसरा काही मार्ग मला दिसत नव्हता.

आखाडात माहेरी गेले. माहेर दौंडला. आजोबा मूळचे घोडनदीच्या काठचे, पण तरुणपणीच रेल्वेत लागून दौंडला आले. बाबाही पुढे रेल्वेतच चिकटले. आता आई एकटीच असते. बाबा जाऊन दीड वर्ष झालं.

मी आईसमोर टाकाचं रडगाणं गायले. मला वाटलं, आई म्हणेल, बरं केलंस, कशाला घालतेस असलं काही. आई म्हणाली, "अगं, तुझ्या आजीनं जन्मभर घातला होता की."

तिनं कपाटातून आजीच्या दागिन्यांचा डबा काढला. डोरलं, दोन वाट्या, जोडव्यांच्या जोडीतलं एकच, आणि तळाशी एक टाक. मी तो बघितल्याबरोबर ओळखला. लहानपणी आजीच्या मांडीवर बसून मी तो तोंडात घालायचे. आजी म्हणायची, "चावू नगं, देवी हाय ती." टाकावरच्या बाईचं नाक, डोळे, सगळं झिजून सपाट झालं होतं. आजीच्या गळ्यातली ती देवी म्हणजे आजीची सवत, हे मला त्या दिवशी कळलं.

"कोण होती ती?"

"मला तरी कुठं माहीत आहे," आई म्हणाली. "आधी एक होती आन् गेली, एवढंच सासूबाई एकदा बोलल्या. मी नाव विचारलं तर म्हणाल्या, नाव घेऊन काय करायचंय. नवमीचं पान तिचंच असणार. सासूबाई गेल्यावर मी ते बंद केलं. ना नाव माहीत, ना गाव. कुणाला म्हणून वाढायचं?"

नवमीचं पान मला चांगलं आठवत होतं. पितृपंधरवड्यात नवमीला आमच्या घरी एक सवाष्ण जेवायला असायची. नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईसाठी त्या दिवशी पान वाढतात. आजी पहाटे उठून खीर, वडे, कढी, अळू, सगळा घाट घालायची, पण पान वाढायला मात्र बाबाच लागायचे. बाबांची ड्यूटी असली तर पान त्यांच्यासाठी थांबायचं. एकदा अंगावर युनिफॉर्म, निघायला उशीर झालेला, तेव्हा बाबा चिडून म्हणाले होते, "सुनेला वाढू दे की." आजी म्हणाली, "तूच वाढ." त्या दोन शब्दांपुढे बाबांचं काही चाललं नाही. बूट काढून, हातपाय धुऊन त्यांनी वाढलं. घरच्या कर्त्या माणसानं वाढायचं असतं असा मी त्याचा अर्थ लावला होता.

तो टाक मी आईकडून मागून घेतला. कशासाठी, ते मलाच नीट सांगता येत नव्हतं. आजी माझी फार लाडकी. हसरी बाई, गल्लीतल्या सगळ्या पोरांची आजी. ती दुसरेपणावर आली होती, आणि आधीच्या बाईला गळ्यात बांधून तिनं सगळा संसार हसतमुखानं केला. तिला कसं जमलं असेल? जिला ती गळ्यात घेऊन फिरली ती कोण, हे कळलं तर आपल्याला काही धीर मिळेल असं वाटत होतं. देवाधर्मात माझं फारसं लक्ष नसतं. पण त्या दिवसांत मला कुणाचा तरी आधार हवा होता, आणि तो जिवंत माणसांकडून मिळत नव्हता.

परत आले तर शिरूरला वेगळाच प्रकार. श्रावणासाठी सासूबाईंनी देव घासायला काढले होते. डबी उघडली तर आत नुसता कापूस. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"घालायचा न्हवता तर न घालायचा," त्या म्हणाल्या. "टाकून कशाला द्यायचा? तिला इसरू नये म्हून केला मी. तुला हिणवाया न्हाई केला."

मी हात लावला नाही म्हणून सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. दोन दिवस घरात कुणी धड बोलेना. तिसऱ्या दिवशी काहीतरी लिहून घ्यायला पेन्सिल हवी होती म्हणून मी पोरीचं कंपास उघडलं. कोनमापकाच्या खाली, खोडरबराच्या कागदात गुंडाळून, टाक ठेवलेला होता. दोऱ्याची नीट गुंडाळी केलेली होती.

मी कंपास होतं तसं मिटलं. रात्रीच्या जेवणाला सगळे बसले होते तेव्हा सासूबाईंना म्हणाले, "टाक माझ्याकडे आहे. नीट ठेवलाय." पोरीचा घास हातात थांबला. मग तिनं तो खाल्ला. मोठेपणा म्हणून मी हे केलं नाही. तिच्याजवळची तेवढी एक वस्तू काढून घ्यायचं माझ्यात धाडस नव्हतं, आणि काढून घेतली असती तर त्या पोरीला मी कायमची मुकले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी काही बदललेलं नव्हतं. "डब्यात बटाटा नको," ती भिंतीला म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून मी यवतला गेले. तिथं आजोबांची धाकटी बहीण असते, आम्ही तिला आत्याआजी म्हणतो. त्या पिढीतलं तेवढं एकच माणूस उरलं होतं. शिरूरहून न्हावरे, पुढं भीमेचा पूल, मग दोन्ही बाजूंना ऊस आणि गुऱ्हाळांचा वास, चौफुल्याला हायवे. आत्याआजीच्या नातवाचं हायवेलगत टायरचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत ती खाटेवर बसून मेथी निवडत होती.

मी सरळच विचारलं, "आत्याआजी, आजोबांची पहिली बायको कोण होती?"

"कोन म्हनतं पयली व्हती म्हून?"

मी टाक तिच्या तळहातावर ठेवला. तिला दिसतं कमी. तिनं अंगठ्यानं चाचपला, पुन्हा चाचपला. बाहेर टायरमध्ये हवा भरायचं मशीन घरघरत होतं. ते थांबल्यावर तिनं मान वर केली.

"तुझा बाप जाऊन किती दिस झालं?"

"दीड वर्ष. तुम्हाला कळवलं होतं."

"कळवलं व्हतं. पर मला न्ह्यायला कुनी आलं न्हाई." तिनं टाक माझ्या हातात परत दिला. "मंग आता सांगाया हरकत न्हाई. तुझ्या आजीनं शपथ घातली व्हती, ती तुझ्या बापासाठी व्हती. त्योच न्हाई तर आता पाळू कुनासाठी? ह्यी तुझ्या बापाची आई. हिच्या पोटचा त्यो."

मला आधी नीट कळलंच नाही. तिनं पुन्हा सांगितलं, एकेक करून, पोराला समजवावं तसं. बाबा चार महिन्यांचे असताना त्यांची आई तापानं गेली. पोराला बघायला बाई हवी म्हणून सहा महिन्यांत दुसरं लग्न लावलं. ती आली तेव्हा सतरा वर्षांची होती. तीच माझी आजी.

"पयल्याच दिशी माझ्या आईला म्हनली, पोराला सावत्र म्हनल्यालं मला चालायचं न्हाई. कुनी म्हनायचं न्हाई आन् त्याला कवा सांगायचं बी न्हाई. समद्यांचं हात देव्हाऱ्याम्होरं ठिवून घेतलं तिनं. दौंडाला तर समदी भायेरची मानसं, क्वार्टरात कोन कुनाला इचारतंय? खुटबावचा मामा तुमाला ठावं हाय न्हवं? त्यो तुझ्या बापाचा खराच मामा. थोरलीचा भाऊ."

खुटबावचे मामा दरवर्षी गुळाची ढेप घेऊन यायचे. आजीला दोन माहेरं होती, एक बारामतीकडचं आणि एक खुटबावचं, आणि आम्हा पोरांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दोन माहेरं म्हणजे दोन ठिकाणचा खाऊ.

शेवटी आत्याआजीनं नाव सांगितलं. इथं मी ते लिहीत नाही. साधं, जुनं, आता कुणी मुलींना ठेवत नाही असं नाव आहे.

परत येताना चौफुल्याला चहाच्या टपरीवर थांबले आणि तिथल्या बाकावर बसून रडले. टपरीवाल्यानं माझ्या कोपरांच्या भोवतीनं टेबल पुसलं आणि न विचारता पाण्याचा ग्लास आणून ठेवला. मला आजीचा राग आला होता. इतका राग, की ती समोर असती तर मी काय बोलले असते सांगता येत नाही. बाबा गेले ते शेवटचे चार दिवस दवाखान्यात "आये, आये" म्हणत होते. आपण ज्या आईला हाक मारतोय ती आपली जन्मदाती नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. स्वतःच्या आईचं नाव न कळता माणूस म्हातारा होऊन मरून गेला, आणि हे सगळं त्याच्यावरच्या मायेपोटी झालं होतं. मायेला दोष कसा द्यायचा? आणि न द्यावा तर त्या गेलेल्या पोरीचं काय? चार महिन्यांचं बाळ सोडून गेली, आणि त्या बाळाच्या तोंडून तिचं नाव एकदाही निघालं नाही.

रागाखाली दुसरंही काहीतरी होतं आणि त्यानं मला जास्त घाबरवलं. मीसुद्धा हेच होण्याची वाट बघत होते. पोर विसरेल, फोटो कपाटावरच राहील, आणि सगळं सुरळीत होईल. आजीनं शपथ घालून केलं ते मी नुसतं गप्प बसून करणार होते.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "झालं ते झालं. जुनं उकरून काय मिळणार आहे?"

"तुम्ही तरी काय मिळवलंत पुरून?" मी म्हणाले. तो उठून बाहेर गेला.

खुटबावला जायचं मी पंधरा-वीस दिवस टाळलं. नको ते आणखी काही कळेल अशी धास्ती होती. शेवटी गेले. मामा कधीच वारले होते, मामी होत्या. ओसरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या, गुडघ्यांना तेल लावत. मी कोण ते सांगितलं आणि थोरलीचं नाव घेतलं. त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली.

"ह्ये नाव ह्या घरात आता मी सोडून कुनाला ठावं न्हाई," त्या म्हणाल्या.

आजीबद्दल मी विचारलं, त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आजी दर भाऊबीजेला आधी खुटबावला यायची, मगच स्वतःच्या माहेरी जायची. थोरलीच्या आईनं तिला लेक मानलं होतं. लुगडं नेसवायची, ओटी भरायची. इथवर ऐकून मला जरा बरं वाटू लागलं होतं.

"पर एक बारी लई झालं," मामी म्हणाल्या. "तुझा बाप आठ-नऊ वर्साचा असंल. माझी सासू म्हनली, माजी पोर गेली, तिचं नाव तरी नातवाला सांगू द्या. मी आज सांगनार. तुझ्या आजीनं ताटावरनं उठीवलं पोराला आन् टेशनाला निघून गेली. मंग दोन-तीन वरसं फिरकलीच न्हाई. सासूनं निरोपावर निरोप धाडलं. सांगनार न्हाई म्हून कबूल केलं, तवा आली. सासू मरस्तवर त्याला नुसती बघत बसायची. चांगली व्हती तुझी आजी. पर लई भ्याली व्हती."

मला वाटत होतं, उठावं आणि जावं. इतकी माणसं गप्प बसली, एका सतरा वर्षांच्या पोरीच्या भीतीपायी. आणि ती भीती मला अनोळखी नव्हती. मी रोज डब्यात पोळ्या भरताना तीच भीती भरत होते.

"पान तेवढं तिनं चुकू दिलं न्हाई," मामी म्हणाल्या.

"नवमीचं?"

"व्हय. मला म्हनायची, वैनी, म्या तिचं पोर घ्येतलं, तोंडानं सांगायचं धाडस मला व्हत न्हाई. पर पान त्याच्या हातनं वाढून घ्येते. आईला ल्योकाच्या हातचं पोचतं. त्याला न्हाई कळलं तरी तिला कळतंय."

तूच वाढ. बाबांनी बूट काढले होते, हातपाय धुतले होते, आणि वाकून एकेक पदार्थ पानात वाढला होता. दरवर्षी. ज्या आईचं त्यांना नाव ठाऊक नव्हतं, तिला ते जन्मभर जेवायला वाढत होते. आजी शेजारी उभी राहून बघायची. मी तिचा तो चेहरा आठवायचा प्रयत्न केला. मला फक्त तिचा हात आठवला, गळ्यातल्या टाकावर ठेवलेला.

माझा आजीवरचा राग तिथं संपला असं म्हणता येणार नाही. तो अजूनही मधूनच येतो. पण त्या ओसरीवर तो जरा निवला. माझ्या मागे दोन बायका उभ्या आहेत असं वाटलं, एक जन्म दिलेली आणि एक वाढवलेली. दोघींचंही काहीतरी राहून गेलंय आणि ते माझ्यापाशी येऊन थांबलंय. करण्यासारखं काम हाती आल्यावर येतो तसला धीर मला आला. मामींनी निघताना माझी ओटी भरली. "नात हायेस ह्या घरची," त्या म्हणाल्या. सवतीचा टाक घालणार नाही म्हणून घर डोक्यावर घेणारी मी, आजीच्या सवतीचा टाक गळ्यात घालून शिरूरला परतले. सासूबाईंनी दोरा बघितला, जवळ येऊन टाक बघितला, आपला नव्हे हे ओळखलं, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

पितृपंधरवडा लागायच्या आधीच्या रविवारी मी नवऱ्याला म्हणाले, "पोरीला तिच्या आजोळी घेऊन जाते."

"ते लोक मला खुनी म्हणतात."

"तुम्हाला म्हणतात. तिला नाही म्हणत."

तो नाही म्हणाला नाही. पोर स्कूटरवर माझ्या मागे बसली, सीटची मागची कडी धरून. मला धरलं नाही. न्हावऱ्याच्या अलीकडे एका वाडीवर तिचं आजोळ आहे. समोरासमोर असतो तर मला जमलं नसतं, पण तोंडं एका दिशेला असली की बोलता येतं. मी रस्ताभर तिला सगळं सांगितलं. आजीचा टाक, यवत, खुटबाव, बाबा आणि पान. वारा होता, मागून ट्रक जात होते. तिला किती ऐकू आलं कोण जाणे. तिनं एकही प्रश्न विचारला नाही.

तिची आजी अंगणात शेंगा वाळत घालत होती. नातीला बघून तिनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मला खुर्ची मिळाली, पाणी मिळालं, पण कुणी माझ्याशी बोललं नाही. शेवटी मीच म्हणाले, "नवमीला तुम्हाला बोलवायला आलेय." आणि तिच्या लेकीचं नाव घेतलं. ते नाव मी पहिल्यांदाच मोठ्यानं घेत होते.

"त्या घराची पायरी मी चढायची न्हाई," म्हातारी म्हणाली. "माझी पोर हातपाय खोडून गेली तिथं. त्यांनी येळेवर न्हेली न्हाई."

"काय झालं ते मला माहीत नाही. मी तेव्हा नव्हते."

"तू न्हवतीस," ती म्हणाली. "म्हून तर पानी दिलं."

तासाभरानं निघालो. मी स्कूटर चालू केली तेव्हा ती करंडा घेऊन बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता माझ्या कपाळाला कुंकू लावून गेली. तेवढंच.

भरपूर अंतर कापून झाल्यावर मागून आवाज आला, "तुमच्या आजीचं नाव काय होतं? खऱ्या?"

पहिल्यांदाच तिच्या वाक्यात मी होते. मी स्कूटर हळू केली. "दोघी खऱ्याच," मी म्हणाले. "पहिलीचं विचारतेस ना?" मी नाव सांगितलं. तिनं ते एकदा पुटपुटून बघितलं.

नवमीच्या सकाळी नवऱ्याची पहिली शिफ्ट होती. मी उठून बघते तर कपाटावरचा फोटो खाली आलेला, काच पुसलेली, देव्हाऱ्याशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेला. तो कंपनीच्या बसला निघून गेला होता. सासूबाई आणि मी स्वयंपाकाला लागलो. शेजारची एक सवाष्ण बोलावली होती. पोरीच्या आजोळहून कुणी आलं नाही. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले, सासूबाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं.

पान मांडलं. सासूबाईंनी वाढायला हात पुढे केला तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि पळी पोरीच्या हातात दिली. "तू वाढ," मी म्हणाले. "आईला तुझ्या हातचं पोचतं."

ती आधी आत गेली. कंपास घेऊन आली, टाक काढला आणि पानाच्या कडेला ठेवला. सासूबाईंनी टाकाकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पदर डोळ्यांना लावला. पोरीनं वाढायला सुरुवात केली. खीर वाढताना थोडी सांडली. मी पुढे झाले नाही. आईचं नाव घेऊन तिनं नमस्कार केला. त्या घरात ते नाव असं मोठ्यानं घेतलेलं मी तेव्हाच ऐकलं.

मला वाटलं, झालं. पण तिनं पत्रावळींतली आणखी एक पत्रावळ ओढली आणि पहिल्या पानाशेजारी मांडली.

"आता ह्ये कुनाचं?" सासूबाईंनी विचारलं.

तिनं नाव सांगितलं. यवतला मला मिळालेलं, माझ्या बाबांना कधीच न मिळालेलं नाव. स्कूटरवर एकदाच ऐकलेलं, पण तिनं ते न अडखळता घेतलं. मग तिनं पळी माझ्यापुढे धरली.

"हे तुम्ही वाढा," ती म्हणाली. "तुमचे बाबा नाहीत ना आता."